एकोणचाळीस मिनिटांचं भांडण

घड्याळातली वेळ सूर्याने नव्हे, माणसांनी ठरवलेली असते, हे मुंबईकरांना सव्वाशे वर्षांपूर्वी नीट ठाऊक होतं. 1881 मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी रेल्वेची मद्रास वेळ शहरावर लादून पाहिली; विरोध इतका झाला की दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली. मग 1 जानेवारी 1906 रोजी ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची वेळ तिच्या 39 मिनिटं मागे. म्हणजे नव्या घड्याळाने सहाला कामावर हजर राहायचं, तर जुन्या हिशेबाने 5 वाजून 21 मिनिटांनीच. गिरणी कामगार चिडले यात नवल नाही. महापालिकेने मुंबई वेळ धरून ठेवली, ती इंग्रज गेल्यावरही, थेट 1955 पर्यंत.

हा निसर्गाचा कृत्रिमतेशी झगडा होता असं म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. मुंबई वेळही सरासरी काढूनच ठरवलेली होती. प्रत्यक्ष सूर्याचा मध्यान्ह अशा घड्याळाच्या मागेपुढे होतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला तर सोळा मिनिटांनी. दोन्ही वेळा मानीवच. वाद खरा असा होता की मानायचं काय ते कोणी, कोणाला विचारून ठरवायचं.

मानीवच आहे तर पाळायची कशाला, असं कोणी विचारेल. एकेरी रुळावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या गार्डांची घड्याळं वेगळी असली तर काय होईल, हे त्याचं उत्तर. इथे श्रद्धा लागत नाही, पाळणं पुरतं. उलट बाजूने कोणी म्हणेल, एवढं उपयोगी असेल तर प्रश्न तरी का विचारायचा? कारण उपयोग सगळ्यांचा असला तरी भार सारखा वाटला जात नाही. ईशान्येत उन्हाळ्यात पाचच्या आतच उजाडतं, म्हणून आसामचे चहामळे आपली घड्याळं तासभर पुढे ठेवत आले. 'बागान वेळ' हे तिचं नाव. हे मळेवाले अराजक माजवत नाहीत. गुवाहाटीची गाडी ते प्रमाणवेळेनेच पकडतात. 2018 मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी देशासाठी दोन वेळा सुचवल्या, आणि त्यांची सीमारेषा पश्चिम बंगाल आणि आसामच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून काढली. तिथे रुळांचे मार्ग मोजकेच असल्याने घड्याळ बदलायची स्थानकंही थोडीच लागतील.