छोट्या खोलीसाठी स्टिरिओ स्पीकर : आधी जागा, मग वॉट

शहरातील सदनिकेत संगीत ऐकण्यासाठी स्वतंत्र दालन असणे ही चैनच. बहुतेकांच्या वाट्याला येते ती दहा बाय दहा किंवा दहा बाय बारा फुटांची खोली आणि तीतही पलंग, कपाट व टेबल यांतून उरलेली जागा. अशा खोलीसाठी स्पीकर घ्यायला गेलेल्या ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, 'किती वॉटचे?' वास्तविक हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. खोलीची मापे, स्पीकर ठेवण्याची जागा, पेटीची रचना आणि त्यानंतर वॉट, असा क्रम पाळल्यास बेताच्या खर्चातही समाधानकारक आवाज मिळतो.

दोन पेट्या कशासाठी?

ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलिन याने १९३१ मध्ये स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. डाव्या आणि उजव्या कानांपर्यंत पोहोचणाऱ्या आवाजांतील सूक्ष्म फरकावरून मेंदू ध्वनीची दिशा ठरवतो. स्टिरिओ याच गोष्टीचा लाभ घेतो. योग्य अंतरावर दोन पेट्या असतील तर गायक मध्यभागी, तबला एका बाजूला, हार्मोनियम दुसऱ्या बाजूला असा भास निर्माण होतो. एकाच लहान डब्यात दोन स्पीकर बसवले तर 'स्टिरिओ' हा शब्द वेष्टनावर राहतो, ही रुंदी मात्र ऐकू येत नाही.

लहान पेटी म्हणजे दुय्यम दर्जा नव्हे

बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांमधील अरुंद कक्षांत आवाज तपासण्यासाठी बीबीसीने १९७० च्या दशकात 'एलएस३/५ए' हा स्पीकर विकसित केला. जेमतेम फूटभर उंचीची ही बंद पेटी. खोल खर्जाचा मोह तिच्या रचनाकारांनी सोडला आणि मानवी आवाजाच्या खरेपणावर भर दिला. त्यामुळेच हा स्पीकर पुढे रसिकांच्या घरांतही मानाने विराजमान झाला. छोट्या खोलीसाठी निवड करताना हाच धडा उपयोगी पडतो.

आता गाण्याच्या गरजेचा विचार करू. काळी एक पट्टीतील पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि त्याच्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा स्वर सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. चार ते पाच इंची वूफर असलेला चांगला स्पीकर साधारण ६० हर्ट्झपर्यंत उतरतो. म्हणजे ख्याल, नाट्यगीत वा भावगीतासाठी तो पुरेसा आहे.

खोलीचा स्वतःचा सूर

समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनिलहरी अडकून काही कंप्रतांना अवाजवी बळ मिळते. दहा फुटांच्या अंतरासाठी ही पहिली कंप्रता सुमारे ५६ हर्ट्झ, तर बारा फुटांसाठी सुमारे ४७ हर्ट्झ येते. खोली चौरस असल्यास दोन्ही दिशांचा परिणाम एकाच कंप्रतेवर साचतो आणि बॅस घुमू लागतो. मागच्या भिंतीला टेकून बसल्यास हा घुमारा अधिक जाणवतो. अगदी मध्यावर बसल्यास तोच बॅस नाहीसा होतो. म्हणून बैठक भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे असावी. जाड पडदे, सतरंजी, भरलेले पुस्तकांचे कपाट यांमुळे उघड्या भिंती व फरशीवरून परतणारा कर्कशपणा कमी होतो. खर्जाचा घुमारा मात्र त्यांनी फारसा हटत नाही.

दोन्ही स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा. पाच ते सहा फुटांची बाजू पुरेशी आहे. ट्विटर कानाच्या उंचीवर यावा. स्पीकर कपाटाच्या माथ्यावर किंवा कोपऱ्यात ठेवू नये, कारण कोपऱ्यातील तिन्ही पृष्ठभाग खर्ज फुगवतात. पेटीच्या मागे हवेचे छिद्र असेल तर भिंतीपासून फूटभर अंतर राखावे. ते शक्य नसल्यास पुढे छिद्र असलेली किंवा बंद पेटी निवडावी.

वॉटचे गौडबंगाल

वेष्टनावर 'पीएमपीओ' या नावाखाली छापलेले हजारो वॉट निरर्थक असतात. पाहावा तो 'आरएमएस' आकडा. त्याहून महत्त्वाची संवेदनशीलता. ८५ डेसिबलचा स्पीकर १ वॉटवर १ मीटर अंतरावर तेवढा आवाज देतो. मोकळ्या जागेत २ मीटरवर तो ७९ डेसिबल होतो आणि १० वॉट दिल्यास ८९. दुसरा स्पीकर आणि भिंती त्यात भरच घालतात. प्रौढांनी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपेक्षा अधिक ऐकू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तबल्याच्या थापेसारखे क्षणिक उंच आवाज धरूनही दर स्पीकरला २० ते ३० वॉट आरएमएस पुष्कळ झाले.

मर्यादित खर्चात अंतर्गत ॲम्प्लिफायर असलेली जोडी सोयीची ठरते. 'एडिफायर आर१२८०टी' या जोडीत चार इंची वूफर आणि एकूण ४२ वॉट आरएमएस आहेत. यावरून प्रमाणाचा अंदाज येईल. साध्या स्पीकरना वेगळा ॲम्प्लिफायर लागतो, मात्र पुढे एकेक भाग बदलता येतो. त्यांची लाल-काळी टोके दोन्ही बाजूंना सारखीच जोडावीत. एक बाजू उलटी झाली तर खर्ज हरवतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी स्थिरावत नाही.

सबवूफरचा मोह छोट्या खोलीत टाळलेलाच बरा. खर्जाच्या लहरी भिंती-स्लॅब ओलांडून शेजाऱ्यांकडे सहज पोहोचतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे.

खरेदीला जाताना परिचयाचे एखादे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे आणि ते हळू आवाजात ऐकावे. शब्द स्पष्ट असतील, तानपुऱ्याची आस वेगळी उमटत असेल आणि गायक दोन पेट्यांच्या मधोमध ऐकू येत असेल, तर ती जोडी विचारात घ्यावी. दुकानाच्या प्रशस्त दालनातील दणदणाट घरी टिकत नाही. म्हणून घरी ऐकून परत करण्याची मुभा देणारा विक्रेता मिळाल्यास त्यालाच पसंती द्यावी.