आल्पुहाराचे पाट आणि वस्तीपालट

दक्षिण स्पेनमध्ये सिएरा नेवादा पर्वताच्या दक्षिण उतारावर वसलेला आल्पुहारा हा प्रदेश विस्ताराने लहान आहे; तथापि वस्तीपालटाच्या अभ्यासास तो विशेष उपयुक्त ठरतो.

१४९२ मध्ये ग्रानाडाचे मुस्लिम राज्य लयास गेले. पुढे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांस 'मोरिस्को' ही संज्ञा प्राप्त झाली. १५६७ मध्ये दुसऱ्या फिलिपच्या फर्मानाने त्यांची अरबी भाषा, वेष व स्नानगृहे निषिद्ध ठरली. १५६८ च्या नाताळात त्यांनी बंड पुकारले. ते १५७१ पर्यंत मोडण्यात आले. मोरिस्कोंना कॅस्टीलमध्ये पांगविण्यात आले आणि ओस गावांत ख्रिस्ती कुटुंबे वसविण्यात आली.

हा पालट आहारात स्पष्ट दिसतो. इस्लामला वर्ज्य असलेले डुकराचे मांसच आज या प्रदेशाची ख्याती आहे. त्रेवेलेझ या उंचावरील गावी डुकराच्या मांड्या मिठात मुरवून थंड, कोरड्या हवेत कित्येक महिने टांगून ठेवतात.

शेतीची कथा मात्र निराळी आहे. वितळलेल्या बर्फाचे पाणी मातीच्या पाटांनी पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत नेण्याची मुस्लिम काळातील व्यवस्था नव्या वसाहतकारांनाही स्वीकारावी लागली. काही पाटांचे पाणी वरच्या उतारावरच जिरविले जाते. त्यामुळे खालचे झरे उन्हाळ्यातही वाहतात. पाटाचे 'आसेकिया' हे स्पॅनिश नावही मूळ अरबीच आहे. ज्या भाषेवर फर्मानाने बंदी घातली, तिचा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी राहिला. कारण त्यावाचून या उतारावर पीक येणे दुरापास्त होते.