तळटीप : टग हिलच्या नकाशातले आकडे

* लेखकाने इथे 'हंगामाची बर्फवृष्टी' म्हटले आहे ती साठून राहिलेल्या थराची जाडी नव्हे. १ जुलै ते ३० जून या काळात वेळोवेळी नव्याने पडलेल्या बर्फाची ती बेरीज. ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्वेला, न्यूयॉर्क राज्यातल्या टग हिल पठारावर ही बेरीज बऱ्याच अंशी हौशी निरीक्षकांच्या वह्यांतून येते. साधन साधेच: पांढरा रंग दिलेली लाकडी फळी आणि इंचाचे दहा भाग दाखवणारी पट्टी. मोजून झाले की फळी झाडायची आणि पुन्हा बर्फावर ठेवायची. खोच आहे ती या झाडण्यात. ताजा बर्फ स्वतःच्याच वजनाने खाली बसतो. त्यामुळे जितक्या जास्त वेळा फळी झाडाल तितकी बेरीज फुगते. म्हणून नियम असा, की दिवसातून फार तर चारदा, सहा-सहा तासांनी मोजावे. जानेवारी १९९७ मध्ये याच पठारावरच्या माँटेग्यू गावी २४ तासांत ७७ इंच भरले, पण मोजणी सहा वेळा झालेली असल्याने राष्ट्रीय विक्रम म्हणून तो आकडा नाकारला गेला. (बर्फ उपसणाऱ्यांना या निकालाने काय दिलासा मिळाला असेल कोण जाणे!) नकाशा करणाऱ्याला मात्र खरी छळते ती कोरी जागा. निरीक्षक परगावी गेला की रकाना रिकामा राहतो. तो शून्य धरला तर गाव नकाशावर उगाच कोरडे पडते. सारखी बर्फवृष्टी दाखवणाऱ्या समरेषांची बारीक वळणेही जपूनच वाचावीत. दोन वह्यांच्या मधल्या जंगलात कुणी पट्टी रोवलेली नसते. – संपा.