परंडा ते विजापूर : हवाई अंतर १६२ किमी, पण वेळ किती?

नकाशावर मुंबई आणि हैदराबादचे विमानतळ जोडणारी सरळ रेषा काढून बघा. ती जवळपास परंड्यावरूनच जाते. अंतर सुमारे ६२० किमी. ताशी ८०० किमी वेग धरला तर विमान पाऊण तासात पोहोचायला हवं. वेळापत्रक मात्र साधारण दीड तास सांगतं. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, ठरलेल्या मार्गाने वळणं, उतरायला नंबर लागणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं. म्हणजे अंतराला वेगाने भागलं की वेळ मिळतो, हे विमानालाही पुरतं लागू होत नाही.

माझ्या पहिल्या प्रकरणात मी नेमकी हीच चूक केली होती. विषय होता मलिक-ए-मैदान तोफ. ती १५४९ साली निजामशाहीत, अहमदनगरला ओतली गेली. ओतणाऱ्याचं, मुहम्मद बिन हसन रूमीचं, नाव तोफेवरच कोरलेलं आहे. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात आली आणि १६३२ साली आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन!

मी दोन्ही गावांचे अक्षांश-रेखांश घेतले. अक्षांशातला फरक १.४४ अंश. एक अंश म्हणजे साधारण १११ किमी, म्हणून १६० किमी. रेखांशातला फरक अगदी थोडा. तो धरून हवाई अंतर १६२ किमी. मग बैलांचा वेग ताशी ३ किमी, दिवसाला ८ तास चाल, आणि ठोकून दिलं : "सात दिवस लागले असावेत."

गाईडनी समासात एकच प्रश्न लिहिला : "भीमा कशी ओलांडली?"

त्या प्रश्नापाशी माझं गणित कोसळलं. नदीला उतार कुठे मिळेल त्यावर रस्ता ठरतो, सरळ रेषेवर नाही. पावसाळ्यात या भागातल्या काळ्या मातीत रिकामी गाडीसुद्धा रुतते, तिथे ५५ टनांचं काय? म्हणजे आधी ऋतू बघायला हवा. तोफ ओढायला १० हत्ती, ४०० बैल आणि शेकडो माणसं होती, असं परंपरेने सांगतात. आकड्यांवर वाद घाला, पण जनावरं भरपूर लागली असणार हे नक्की. मग प्रत्येक मुक्कामावर चारा-पाणी हवं.

आणि साल कोणतं? १६३२. दख्खनमध्ये १६३०–३२ चा भीषण दुष्काळ पडला होता. त्याच काळात परंड्याला वेढा घालणाऱ्या मुघल सरदार आझमखानाला चाऱ्याच्या टंचाईमुळे माघार घ्यावी लागली होती. अशा मुलखातून ही तोफ ओढत न्यायची, तर वाटेवरच्या गावांकडून काय काय घेतलं गेलं असेल? आणि एवढी किंमत मोजून नेण्याइतकी ती तोफ आदिलशाहीला का महत्त्वाची वाटली?

"किती दिवस लागले?" यापेक्षा हे प्रश्न कितीतरी मोठे आहेत. माझं प्रकरण आता त्यांच्यावरच उभं आहे.

तुम्हीही हवाई अंतर जरूर काढा. दोन ठिकाणांची तुलना करायला ते सोयीचं असतं. पण प्रवासाचा वेळ लिहिण्याआधी चार गोष्टी विचारा : वाट कोणती, ओझं किती, ऋतू कोणता आणि चारा कोणाचा?