भोंगा पाणबुडीचा की मोटारीचा?

"दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुडीचा आहे," विकणारा म्हणाला आणि कॅलिफोर्नियातल्या जुन्या बाजारातून मी तो राखाडी, जड भोंगा घरी आणला. व्हिडिओ कॉलवर आईने पहिला प्रश्न विचारला, "वाजतो का?" वाजत नव्हता.

याचं नाव क्लॅक्सन. १९०८च्या सुमारास मिलर रीझ हचिसन या अमेरिकन माणसाने तो शोधला. विजेवर चालणारं श्रवणयंत्रही त्याचंच! आत स्पीकर वगैरे नसतो. पोलादी पडदा, त्याच्या मधोमध एक रिव्हेट आणि मोटरवर फिरणारं दातेरी चाक, बस्स. एकेक दाता रिव्हेटला ढकलतो, पडदा थरथरतो. मोटर वेग घेते तसा सूर चढतो, वीज तोडली की उतरतो. आपण सिनेमात ऐकतो तो 'आऽऊगाऽ' असा तयार होतो.

अमेरिकन पाणबुड्यांवर दोनदा क्लॅक्सन म्हणजे बुडी, तीनदा म्हणजे वर. डिझेल इंजिनांच्या गोंगाटातही तो ऐकू जायलाच हवा, कारण मिनिटभराच्या आत इंजिनं थांबवून त्यांना हवा पुरवणारा मोठा व्हॉल्व्ह बंद करायचा असे. १९३९ मध्ये 'स्क्वालस' या पाणबुडीत बुडी मारताना तोच व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि २६ जण गेले. महायुद्धात अमेरिकेच्या ५२ पाणबुड्या बुडाल्या. माझ्या टेबलावरच्या भोंग्याने त्यातलं काही पाहिलं असेल, या कल्पनेनेच मी पैसे मोजले होते.

दोन शनिवार त्यात गेले. दगडासारखं झालेलं ग्रीस रॉकेलने सोडवलं, कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने घासला, कार्बन ब्रश बदलले. सगळ्यात छळलं ते पडदा आणि चाकातलं अंतर ठरवणाऱ्या स्क्रूने. जरा जास्त आवळला की मोटर अडकते, सैल ठेवला की नुसती घरघर. कोड डीबग करताना निदान एरर मेसेज तरी येतो.

रंग मात्र खरवडला नाही, आणि ते बरंच झालं. नेमप्लेट गायब होती आणि तिच्या रिकाम्या स्क्रूभोकांत राखाडी रंग गेलेला होता. म्हणजे रंग प्लेट काढल्यानंतरचा. तो गंजावरूनच फासलेला होता आणि खाली काळा थर होता. मग व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं, तर सहा व्होल्टलाच गडी ठणठणीत ओरडला. त्या काळच्या अमेरिकन मोटारींची बॅटरी सहा व्होल्टची असायची. पाणबुडीतली वीज त्याच्या कितीतरी पट जास्त व्होल्टची.

एव्हाना एका कॅफेवाल्याने 'पाणबुडीचा भोंगा' म्हणून दुप्पट पैसे कबूल केले होते. त्याला स्क्रूभोकांचे फोटो पाठवले. त्याने "ओके" लिहिलं, नंतर काहीच नाही.

भोंगा माझ्याकडेच आहे. खाली चिठ्ठी चिकटवली आहे: 'मोटारीचा हॉर्न, ६ व्होल्ट, राखाडी रंग नंतरचा.' आईला फोनवर एकदा वाजवून दाखवला. तिने फोन कानापासून लांब धरला.