टायग्रिसवरच्या तोफनौका

यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या वर्धा आणि पैनगंगा या नद्यांत उन्हाळ्यात वाळूचे पट्टे उघडे पडतात. अशाच उथळ, वळणावळणाच्या पात्रात युद्धनौका चालवण्याची वेळ पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमारावर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आली. बसऱ्याच्या वर लोहमार्ग नव्हता आणि पक्का रस्ताही नव्हता, त्यामुळे पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची रसद, दारूगोळा आणि जखमी यांची सारी मदार टायग्रिस नदीवर होती. या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या, म्हणून या नौकांची हकीकत महाराष्ट्राच्याही इतिहासात मोडते.

‘फ्लाय’ वर्गाच्या, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या, या नौका यारो कंपनीने सुट्या भागांत पाठवल्या आणि त्या अबादान येथे जोडण्यात आल्या. खरा हेतू उघड होऊ नये म्हणून कागदोपत्री त्या चीनमधील नद्यांसाठी असल्याचे दाखवले गेले. मुख्य तोफ ४ इंची होती आणि पाणी ढकलणारा पंखा वाळूत रुतू नये म्हणून बुडातल्या बोगद्यासारख्या खोबणीत बसवलेला होता. उथळ पाण्यात तरंगण्यासाठी जो हलकेपणा साधला, त्यापायी जाड चिलखताला मुकावे लागले.

त्याची किंमत ‘फायरफ्लाय’ने मोजली. टेसिफोनच्या लढाईनंतर सैन्य माघार घेत असता, १ डिसेंबर १९१५ रोजी उम-अत-तुबुलजवळ तुर्कांचा एक गोळा तिच्या बॉयलरमध्ये शिरला आणि ती निकामी झाली. तिला ओढून नेण्यासाठी पुढे आलेली ‘कॉमेट’ गाळात रुतली, तेव्हा दोन्ही सोडून द्याव्या लागल्या आणि खलाशांना ‘सुमाना’ने वाचवले. तुर्कांनी ‘फायरफ्लाय’ दुरुस्त करून आपल्या ताफ्यात घेतली. इकडे कुट येथे वेढले गेलेले सैन्य २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले आणि तिन्ही मराठा पलटणींच्या शिपायांच्या वाट्याला तुर्कांची कैद आली, जिच्यातून अनेकजण परतले नाहीत. या पराभवाचा दोष सेनापतीच्या महत्त्वाकांक्षेइतकाच बोटींच्या टंचाईकडेही जातो.

२६ फेब्रुवारी १९१७ रोजी ‘टॅरंटुला’, ‘मँटिस’ आणि ‘मॉथ’ या ‘इन्सेक्ट’ वर्गाच्या मोठ्या तोफनौकांनी तुर्कांचा पाठलाग करून ‘फायरफ्लाय’ परत मिळवली. त्यांपैकी ‘मॉथ’ला पुढे तशाच दैवाला सामोरे जावे लागले: डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग पडताना ब्रिटिशांनी ती स्वतःच बुडवली, जपान्यांनी वर काढून तिला ‘सुमा’ हे नाव दिले आणि १९४५ मध्ये यांगत्से नदीत सुरुंगाने तिचा शेवट झाला.