फेरफार, खंड आणि यंत्र

सिडको या महामंडळाची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. इथली वकिलीही वाढली ती भूसंपादनाच्या कागदांवरच. तेव्हाच्या 1894च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 18खाली वाढीव मोबदला मागायचा, तर सातबारा, फेरफार, निवाड्याची प्रत आणि आसपासच्या जमिनींची खरेदीखते लागत. त्यासाठी तलाठी आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत खेटे घालणे, हे निम्मे काम असे. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील स्वतः वकील; तरीही संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला तो रस्त्यावर उतरल्यानंतर. जानेवारी 1984च्या पोलीस गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले होते.

उरलेले निम्मे काम जुन्या निकालांचे दाखले शोधण्याचे. 1899पासून रतनलाल-धीरजलाल यांचा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ होता, पुढे नागपूरचा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ म्हणजे एआयआर आला. भिंतभर खंड ही वकिलाची पत! ज्याच्याकडे ते नसत, तो बार लायब्ररी गाठे. ज्युनियरची पहिली वर्षे डायजेस्ट चाळण्यात जात. काम कंटाळवाणे, पण एक निकाल शोधताना शेजारचे चार वाचून होत.

मग संगणक आला, खंड शोभेला उरले.

सर्वोच्च न्यायालयाने 2019मध्ये निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे सॉफ्टवेअर आणले. फेब्रुवारी 2023मध्ये अशाच यंत्राने पहिल्यांदा घटनापीठापुढचा युक्तिवाद शब्दशः उतरवला, तो महाराष्ट्राच्याच सत्तासंघर्षाचा. आता लांबलचक निकालाचा सारांश किंवा नोटिशीचा कच्चा मसुदा काही क्षणांत हातात पडतो. छोट्या कार्यालयातल्या एकट्या वकिलाला याचा खरा आधार आहे, हे मान्य करायला हवे.

धोकाही तिथेच आहे. न्यूयॉर्कमध्ये 2023 साली यंत्राने रचलेले निकाल कोर्टात सादर करणाऱ्या वकिलांना 5,000 डॉलरचा दंड झाला. ऑक्टोबर 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात चूक वकिलाची नव्हती, प्राप्तिकर खात्याची होती. आकारणीच्या आदेशात आधार घेतलेले तीन निकाल अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि यंत्राने दिलेले निकाल पडताळल्याशिवाय वापरू नयेत, असे बजावले.

तेव्हा ज्युनियरची मेहनत वाचली, असे कोणी समजू नये. शोधण्याचे काम कमी झाले, पडताळण्याचे वाढले. आणि जुना हस्तलिखित फेरफार ऑनलाइन मिळाला नाही, तर आजही अर्ज करून नक्कल घ्यावीच लागते.